चार डिसेंबर

उदिनेहून मावशीनं धाडलेला खोका उघडला
तर आत बिस्किटांचा भुगा.
आल्प्स ओलांडताना कुणीतरी बसलं असणार त्यावर,
आई म्हणाली, आणि बसणाऱ्याच्या सात पिढ्यांचा
माहेरच्या बोलीत उद्धार केला.

अंडी तर फोडून झालेली,
पिवळं एका वाडग्यात, पांढरं दुसऱ्यात.
मस्कारपोने खिडकीत ठेवलेलं,
कारण गेंकमध्ये डिसेंबरात फ्रिजपेक्षा खिडकी गार.
शेगडीवर मोका घसा खाकरत होती.
आमच्या घरात खाकरणारे दोघंच,
एक ती, एक बाबा.

शेजारची गोडेलीव्ह आली मागच्या दारानं,
मीठ मागायला आल्यासारखी, पण हातात डबा.
दोन दिवसांवर संत निकोलास,
डब्यात त्याचीच पलटण:
दाढी, उंच टोपी, हातात काठी,
एकाचं नाक भट्टीत गेलेलं.
दालचिनी, लवंग, जायफळ, चिमूटभर मिरी
आणि तिचं ते गुपित, जे तिनं कुणालाच सांगितलं नाही
आणि सगळ्या गल्लीला ठाऊक आहे: वेलची.

आई म्हणाली, स्पेक्युलोस? ह्यात? छे.
कॉफीत मसाला पाहून माझी आई थडग्यातून उठेल.
उठू दे, गोडेलीव्ह म्हणाली, तिलाही वाढू.

तेवीस वर्षं भिंतीला भिंत.
आईचं फ्लेमिश बाजारापुरतं,
हिचं इटालियन शिव्यांपुरतं,
मधलं सगळं आजवर
भांड्यांनीच निभावलं.

आईनं एक संत उचलला,
कॉफीत बुडवला, डोकं खाली.
एक, दोन.
तीन म्हटलं असतं तर हातात फक्त पाय उरले असते.
मग दुसरा, मग बिननाकाचा,
सगळे शेजारीशेजारी उताणे,
पाळी सुटल्यावर बाकांवर पडतात तसे.
वर मलई, सुरीनं सपाट.
पुन्हा संत. पुन्हा मलई.

काचेला डोळा लावून बाबा म्हणाले,
वरचा थर चांगला आहे, बसून काम करता येईल.
आमचा सत्तर सेंटिमीटर होता,
कुशीवर पडून फोडायचा.
खाण बंद होऊन दोन वर्षं झाली
तरी ते अजून जाडी मोजतात:
गादीची, बर्फाची, पावावरच्या लोण्याची.

नावाचा अर्थ काय गं ह्याच्या, गोडेलीव्हनं विचारलं.
मला वर ओढ, मी सांगितलं.
वाटलं, हसेल.
तिचा थोरला भाऊ एकसष्ट साली खालीच राहिला.
तिनं चमचा चाटला, पुसला, पुन्हा चाटला.
मग म्हणाली, कोको कुठाय?

कोको आईनं गाळणीतून पाडला,
बोटानं कडेवर टिचक्या मारत.
त्याआधी खिडकी उघडली सताड,
बाबांना पलीकडच्या खोलीत बसवलं,
आणि भांड्याच्या एका कोपऱ्यावर
मावशीचं जुनं पोस्टकार्ड धरलं.
कार्ड उचललं तेव्हा तिथे
चार बोटं पांढरं.
कसली का असेना,
काळी भुकटी आता त्यांच्या छातीला सोसत नाही.
डॉक्टरनं फोटो दाखवून सांगितलं होतं,
आईनं फोटो न बघताच.

आज संत बार्बराचा दिवस, खाणवाल्यांचा.
पण हे रात्रभर मुरायला हवं, उद्याच खायचं,
असं आईनं बजावलं, दोनदा,
दोन्ही भाषांत.

रात्री मी ऐकलं:
फ्रिजचं दार.
चमचा.
खोकला, उशीत दाबावा तसा बाहीत दाबलेला.
थोडी शांतता.
पुन्हा चमचा.

सकाळी पांढरा कोपरा जसाच्या तसा.
खड्डा होता मधोमध, काळ्यात,
सरळ उभा, तळापर्यंत,
एकही बाजू न ढासळलेला,
आणि तळाशी एका संताची टोपी.

उंदीर, आई म्हणाली,
आणि चमचा धुऊन टाकला.